परमहंस सभेचे साक्षीदार : बाहेर पडणे आणि बोलणे

परमहंस सभेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली आणि पुणे, अहमदनगर अशा गावी शाखा पसरलेली ही गुप्त सभा म्हणजे अव्वल इंग्रजीतील मराठी धर्मसुधारणेचा पहिला संघटित प्रयत्न होय. परंतु तिच्या अंतर्जीवनाविषयी सभासदाच्या लेखणीतून उतरलेले जे कथन आपल्या हाती आहे, ते मुख्यत्वे तिला सोडून गेलेल्या माणसाचे, म्हणजे बाबा पदमनजींचे आहे. जे आत राहिले त्यांनी मौन पाळले. तेव्हा सभेविषयी आपण जे जाणतो ते कोणत्या जागेवरून सांगितले गेले, हा प्रश्न टाळता येत नाही.

सभेची पूर्वपीठिका सुरतेची. दुर्गाराम मंछाराम मेहता, दादोबा पांडुरंग तर्खडकर प्रभृतींनी १८४४ मध्ये तेथे मानवधर्मसभा काढली होती. दादोबा मुंबईस आल्यावर त्याच विचाराने परमहंस सभा आकारास आली आणि रामचंद्र बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष झाले. एकेश्वरनिष्ठा, मूर्तिपूजेचा त्याग, जातिभेदाचा निषेध आणि कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत नाही ही धारणा, असे तिचे स्वरूप होते. प्रवेशाचा विधी मात्र तत्त्वचर्चेचा नव्हता. नव्या सभासदाला अन्यधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे, परजातीच्या हातचे पाणी प्यावे लागे. हे सारे दार लावून चाले. सभासदांची संख्या हजारावर गेली की मग उघडपणे जाहीर करावयाचे, असा बेत होता.

या भित्रेपणाची पुढे पुष्कळ थट्टा झाली. ती करणाऱ्यांनी १८४३ चे श्रीपत शेषाद्री प्रकरण आठवावे. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता. श्रीपत स्वतः बाप्तिस्मा न घेता मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला, एवढाच त्याचा अपराध. न्यायालयाने त्याला बापाच्या स्वाधीन केले, परंतु त्याला जातीत घेण्यावरून मुंबईचा ब्रह्मवृंद दुभंगला. प्रायश्चित्ताच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनाही त्याचा ताप झाला. शिवाय मुंबई हे बेट होते. आगगाडी घाटापर्यंत पोहोचण्यापूर्वी पुण्याकडे जाणारा नोकरदार नावेने खाडी ओलांडून पनवेलच्या बंदरावर उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. बेटावरच्या बंद खोलीत चालून जाणारे आचरण त्या बंदरापलीकडे, घरच्या देवघरात आणि पंक्तीत, चालण्यासारखे नव्हते. सभासद दोन्ही ठिकाणी राहत होता, आणि सभेचे सारे दौर्बल्य त्या दुहेरी राहण्यात आहे.

बाबा पदमनजींनी ही दुहेरी वस्ती मोडली. १८३१ मध्ये बेळगावी जन्मलेले बाबा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकत असताना परमहंस मंडळीत आले आणि १८५४ मध्ये त्यांनी बेळगावी बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र यानंतर सुमारे तीन दशकांनी प्रसिद्ध झाले. येथे शीर्षकापासूनच वाचावयास हवे. अरुणोदयाच्या रूपकात पूर्वायुष्यातील प्रत्येक टप्पा अंधाराच्या कोणत्या तरी छटेत बसतो. घरची व्रतवैकल्ये ही रात्र, तर परमहंस मंडळी ही फार तर पहाटेपूर्वीची धूसर वेळ. एकही ग्रंथ ईश्वरप्रणीत न मानणारी मंडळी, ईश्वरी ग्रंथाचा शोध लागलेल्या निवेदकाला अपुरीच दिसणार. मुक्काम आधी ठरलेला असल्यामुळे सभा या कथनात केवळ वाटेवरची धर्मशाळा होते. जे कित्येक सभासद तेथेच थांबले, त्यांच्या थांबण्याला या संहितेत अर्थ उरत नाही.

धर्मपंथ सोडून गेलेल्याची साक्ष जपून घ्यावी, असा इशारा ब्रायन विल्सनसारख्या समाजशास्त्रज्ञांनी दिलेला आहे. सोडणाऱ्याला आपल्या सोडण्याचे समर्थन करावयाचे असते, हा त्यामागचा विचार. तो बाबांनाही लागू पडतो, पण अर्धाच. सभासदांना जे गमावण्याची भीती होती ते बाबांनी आधीच गमावलेले होते. जात गेलेल्या माणसाला पावाच्या तुकड्याविषयी लिहिताना कोणाचे भय? त्यांची साक्ष पक्षपाती आहे आणि निर्भयही आहे, आणि हे दोन्ही गुण तिला एकाच कृत्यातून, धर्मांतरातून, मिळाले आहेत. एकाचा स्वीकार करून दुसरा बाजूला ठेवण्याची सोय अभ्यासकाला नाही.

याच्या शेजारी दादोबांचे आत्मचरित्र ठेवून पाहावे. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. ते अपूर्ण आहे आणि सभेच्या काळापर्यंत पोहोचतच नाही. हा योगायोगही असेल, परंतु त्यांचे इतर लेखन पाहता केवळ योगायोग म्हणवत नाही. १८४३ च्या सुमारास लिहिलेले ‘धर्मविवेचन’ १८६८ मध्ये छापले गेले तेही ‘एक जगद्वासी आर्य’ या नावाने, सभा मोडून काही वर्षे लोटल्यावर. मराठीचे व्याकरण स्वतःच्या नावाने सिद्ध करणारा हा ग्रंथकार धर्माविषयी बोलताना सर्वनामाच्या आडोशाला जातो. दादोबांना सभेतून ‘बाहेर पडल्या’ची कथा सांगता येत नव्हती, कारण आत शिरल्याचेच त्यांनी जगाला कधी सांगितले नव्हते. निर्गमनाच्या कथनाला प्रवेशाची जाहीर नोंद लागते.

ती नोंद अखेर झाली, पण सभासदांच्या इच्छेविरुद्ध. १८६० च्या सुमारास सभेच्या कागदपत्रांची चोरी होऊन नावे बाहेर फुटली आणि सभा विसकटली. कोणी ती सोडल्याचे जाहीर केले नाही. माणसे नुसती येईनाशी झाली. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थनासमाज स्थापन झाला. तो पहिल्यापासून उघड्या दाराचा होता, आणि जातिभंगाची ती जुनी अट त्याने सभासदत्वाला जोडली नाही. या दोन गोष्टींचा परस्परांशी असलेला संबंध सुधारणेच्या इतिहासकारांनी पुरेसा तपासलेला नाही. नावांच्या यादीची दहशत मात्र ओसरली नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतलेल्यांची नावे गोपाळराव जोशींनी वर्तमानपत्रातून फोडली तेव्हा रानडे-टिळकांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढले जावे लागले.

सभेचा स्वतंत्र अभ्यास पुढे प्रियोळकरांनीच १९६६ मध्ये पुस्तकरूपाने दिला. त्याच्या शीर्षकात अध्यक्ष रामचंद्र बाळकृष्ण यांचे नाव आहे. बाबा पदमनजींच्या कथनाला पूरक आणि छेद देणारे पुरावे शोधत त्यांना जावे लागले ते इतरांच्या पत्रांतून, आठवणींतून आणि तुटक उल्लेखांतून.