भिक्षुकाच्या नजरेतील युद्ध : ‘माझा प्रवास’ची दोन रूपे

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापती, व्यूह आणि जयापजय यांच्या आधारे रचला जातो. समाज त्यात येतो तो रणभूमीमागील पडद्यासारखा. मराठीत या रूढ रचनेला छेद देणारे एक पुस्तक आहे. मात्र त्याच्या वाट्याला आलेले वाचन त्याच्या स्वरूपाशी क्वचितच न्याय करते. ते पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’.

पेणजवळील वरसईचे गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते कुटुंबावरील कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, ही आशा त्यांना व त्यांच्या काकांना घराबाहेर काढते. वाटेत उठावाची वार्ता येते आणि यात्रा युद्धात शिरते. निवेदनाचा हा प्रारंभबिंदू निर्णायक आहे. येथे निवेदकाला कोणताही पक्ष सिद्ध करावयाचा नाही. त्याला जगून, चार पैसे गाठीशी बांधून घरी परतायचे आहे. त्यामुळे युद्ध त्याला दिसते ते धान्य, पाणी, आसरा आणि भय यांच्या भाषेत.

झाशीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सर ह्यू रोजच्या सैन्याने मार्च १८५८ मध्ये वेढा घातला आणि ३ एप्रिलला ते शहरात शिरले. लष्करी इतिहास येथे राणी लक्ष्मीबाईंच्या पाठोपाठ काल्पीकडे वळतो. गोडसे मात्र शहरातच अडकलेले असतात. कत्तल, आगी, घरात दडून बसलेली माणसे आणि क्रमाक्रमाने चाललेली लूट ते नोंदवतात. आधी सोने-चांदी, मग भांडी, कापड, धान्य असा लुटीचा उतरता क्रम एका शहराच्या अर्थव्यवस्थेचे विघटनच उलगडून दाखवतो. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या नाशाने हा वैदिक ब्राह्मण विशेष व्यथित होतो. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली राणीही त्याच्या लेखणीतून तहानलेली, थकलेली व्यक्ती म्हणूनच उतरते.

चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून गोडसे यांनी ही हकीकत सुमारे पंचवीस वर्षांनी लिहून काढली. सरकारी रोषाच्या भीतीने ती लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. १९०७ साली वैद्यांनी ती छापली, पण भाषा व मजकूर यांवर संपादकीय संस्कार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जे वाचत होता, ते गोडसे यांचे लेखन वैद्यांच्या गाळणीतून आलेले होते. वैद्यांनी पुस्तकाला ‘बंडाची हकीकत’ म्हटले. त्याच सुमारास सावरकर त्याच घटनांना ‘स्वातंत्र्यसमर’ हे नाव देत होते. गोडसे यांचा अनुभव या दोन्ही नावांत पुरता मावत नाही.

येथे सर्व वयांच्या वाचकांसाठी इतिहास लिहिण्याचा प्रश्न उभा राहतो. बालवाचकासाठी संक्षेप करताना क्रौर्य सौम्य करावे, हा आग्रह समजण्याजोगा आहे. परंतु संक्षेपात बहुधा सर्वप्रथम गळतो तो सामान्य माणूस, आणि उरते ती घोड्यावरची राणी. वस्तुतः भूक, तहान, घराची ओढ हे विषय दहा वर्षांच्या मुलालाही समजतात. राज्य खालसा करण्याचे धोरण समजण्यास अधिक वय लागते. मुलांच्या आकलनाचे कारण पुढे करून जे वगळले जाते, तेच अनेकदा त्यांच्या आकलनाच्या सर्वांत जवळचे असते.

अर्थात गोडसे यांचे निवेदन निर्दोष नाही. ते स्मृतीवर आधारलेले आहे, ऐकीव वार्तांना त्यात मुक्त प्रवेश आहे, आणि निवेदकाची दृष्टी त्याच्या जातीच्या व वृत्तीच्या मर्यादेत वावरते. ज्या घरांत त्याला आसरा मिळाला तीच घरे तो आतून पाहतो. इतरांच्या घरातील त्या दिवसांचा वृत्तान्त त्याच्याकडे नाही. म्हणून ‘माझा प्रवास’ला लोकांचा इतिहास म्हणणे अतिव्याप्त ठरेल. तो एका माणसाचा इतिहास आहे. मात्र त्यातील मोकळ्या जागा वाचकाला दिसतात, आणि झाशीत त्या दिवसांत आणखी कोण होते, हा प्रश्न तो विचारू लागतो. युद्ध आणि समाज यांच्या इतिहासाचे वाचन या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवे.