कप्तानाची चाल आणि प्रेक्षकांचा रोष

क्रिकेटच्या मैदानावर प्रत्येक पक्षास कप्तान एकच असतो. मैदानाबाहेर मात्र त्याच्या कामाची झडती घेणारे हजारो असतात. अमक्या गोलंदाजाच्या हाती चेंडू का दिला नाही, तमक्यास इतक्या खाली का खेळविले, नाणेफेक जिंकल्यावर फलंदाजीच का पत्करली, हे तंटे मुंबईच्या जिमखान्यांइतकेच जुने आहेत. त्यांस पश्चातबुद्धी म्हणून हिणविण्याचा प्रघात आहे. सामना संपल्यावर शहाणपण शिकविणे कोणासही साधते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु प्रेक्षकांचा सगळाच रोष निकालानंतर जन्मास येतो, हे मात्र मान्य नाही. काही प्रश्न पहिला चेंडू पडण्यापूर्वीच विचारलेले असतात, आणि मुंबई प्रांतातील क्रिकेटचा इतिहास अशा प्रश्नांनी पुष्कळसा घडविला आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक चालीचा हुकूम मैदानाबाहेर उभा असलेला शिक्षक देतो. तेव्हा लोकांनी बोल कोणास लावावा हे तेथे ठरलेले असते. क्रिकेटमध्ये हा अधिकार पूर्वापार मैदानावरील कप्तानाचा. त्यामुळे आमच्याकडे वादाचा पहिला विषय ‘चाल कोणती’ हा नसून ‘चाल ठरविणारा कोण’ हा होता.

याचे ठळक उदाहरण पाळवणकर बंधूंचे. बाळू पाळवणकर हे चांभार ज्ञातीतील. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता ते गोलंदाजी शिकले. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून सामने जिंकता येईनात. परंतु चहा मात्र त्यांना निराळ्या पेल्यात मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक गडी बाद केले. एवढ्या योग्यतेचा पुरुष हिंदूंचा कप्तान कधीच झाला नाही. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना वगळण्यात आले आणि कप्तानपदासाठी त्यांच्या धाकट्या भावाचा, विठ्ठलांचा, हक्कही डावलला गेला. तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघा भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. प्रकरण पुष्कळ गाजले. अखेर तडजोड होऊन बाळूंना उपकप्तान नेमावे लागले. मुख्य पद मिळावयास आणखी तीन वर्षे लागली. १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठलांनी पुढे आपले क्रीडाजीवन मराठीत ग्रंथरूपाने लिहून ठेवले, हे मराठी वाचकांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विठ्ठल जिंकले म्हणून तक्रार खरी ठरली, असे नव्हे. ते १९२३ साली हरले असते तरीही १९२० ची तक्रार तितकीच न्याय्य राहिली असती. निवड ज्या कसोटीवर व्हावयाची ती कसोटीच खोटी होती, आणि हे सामन्याचा निकाल लागण्यापूर्वी कोणासही दिसत होते. पाहावयाचे नव्हते त्यांनाच काय ते दिसले नाही.

दुसरे प्रकरण १९३६ चे. त्या वर्षी इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघाचे कप्तानपद विजयनगरमच्या महाराजकुमारांनी आपल्या पदरात पाडून घेतले होते. सी. के. नायडूंसारखा कसलेला सेनानी त्यांच्या हाताखाली खेळत होता. तीन कसोट्यांतील सहा डावांत महाराजकुमारांनी एकूण ३३ धावा केल्या; पण त्याहून कठीण गोष्ट ही की, फलंदाजांचा क्रम ते लहरीनुसार बदलीत. लॉर्ड्सवरील एका सामन्यात पॅड बांधून तयार असलेल्या लाला अमरनाथांना पुनःपुन्हा मागे ठेवण्यात आले. अमरनाथ संतापून बोलले, आणि पहिल्या कसोटीपूर्वीच त्यांना बोटीने स्वदेशी धाडण्यात आले. ज्या मुंबईने १९३३ च्या डिसेंबरात या तरुणाचे पदार्पणातील शतक जिमखान्यावर डोळ्यांनी पाहिले होते, त्या मुंबईस हे सहन होणे शक्यच नव्हते. पुढे मुंबईच्या मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमंट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. समितीने अमरनाथांना दोषमुक्त तर केलेच, परंतु कप्तानास क्षेत्ररचना कळत नाही, गोलंदाज केव्हा बदलावे हे उमगत नाही आणि फलंदाजीचा क्रम त्यांनी स्थिर ठेवला नाही, असाही ठपका ठेवला. पायरीवर बसलेला साधा प्रेक्षक जे वर्षभर ओरडून सांगत होता, तेच १९३७ साली न्यायमूर्तींच्या भाषेत कागदावर उतरले!

परंतु रोषाचे दुसरे रूपही आम्ही पाहिले आहे, आणि ते लज्जास्पद आहे. १९७१ साली विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने अजित वाडेकर हिंदुस्थानचे कप्तान झाले आणि त्यांनी वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोघांना त्यांच्याच भूमीवर हरविले. त्या विजयाच्या गौरवार्थ इंदुरास सिमेंटची एक भव्य बॅट उभारण्यात आली. तीनच वर्षांनी, १९७४ साली, लॉर्ड्सवर आपला सगळा संघ ४२ धावांत गारद झाला व तिन्ही कसोट्या गेल्या. तेव्हा वाडेकरांच्या घरावर दगड पडले आणि त्या बॅटचीही विटंबना झाली. या दगडांत कोणता प्रश्न होता? कोणत्या गोलंदाजाबद्दल, कोणत्या डावपेचाबद्दल ते मारले गेले? असो.

आता अगदी अलीकडच्या काळाकडे व आमच्या पालघरकडे येऊ. चर्चगेटपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरचे हे गाव २०१४ च्या ऑगस्टात जिल्ह्याचे ठिकाण झाले. उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या त्या २०१३ साली. तोपर्यंत विरारपलीकडच्या खेळाडूस मुंबईचे मैदान गाठणे ही एक मोहीमच होती. शार्दूल ठाकूर यांचे बालपण या मोहिमेत गेले. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळत असताना बोरिवलीच्या शाळेचे शिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत ते भरले. जाण्यायेण्यात मुलाचा दिवस फुकट जातो हे पाहून लाड यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. पालघर-बोईसरच्या गाडीत कप्तानांवर जी टीका चालते तिला म्हणून एक निराळी धार असते. मैदानापासून दूर राहणाऱ्यास संधी किती महाग पडते, हे त्या टीकाकारांस ठाऊक असते.

मार्च २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर मुंबई व तामिळनाडू यांचा रणजी करंडकाचा उपान्त्य सामना झाला. तामिळनाडूचे कप्तान साई किशोर यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि त्यांचा संघ १४६ धावांत आटोपला. तिसऱ्याच दिवशी मुंबई एक डाव व ७० धावांनी जिंकली. त्यानंतर तामिळनाडूचे शिक्षक सुलक्षण कुलकर्णी, जे स्वतः मुंबईचे जुने यष्टिरक्षक, यांनी जाहीरपणे सांगितले की, सामना पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजताच हातचा गेला होता. ते असते तर त्यांनी प्रथम गोलंदाजी केली असती. दिनेश कार्तिक यांना हे रुचले नाही. ज्या कप्तानाने संघास सात वर्षांनी उपान्त्य फेरीत आणले त्याच्या पाठीशी शिक्षकाने उभे राहावयास हवे होते, असे त्यांनी तितक्याच जाहीरपणे सुनावले.

खेळपट्टीविषयी कुलकर्णींचे ज्ञान आम्ही नाकारीत नाही. पण डावाचा आलेख पाहावा. साई किशोर यांनी स्वतः सहा गडी टिपले, आणि एका वेळी मुंबईची अवस्था ७ बाद १०६ अशी होती. तेथून मुंबई आणखी पन्नास धावांत कोसळती, तर नाणेफेकीचा तो निर्णय आज कोणाच्या स्मरणातही नसता. पण तसे घडले नाही, कारण त्या वेळी खेळावयास आले शार्दूल ठाकूर. त्यांनी १०९ धावा केल्या; प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील त्यांचे हे पहिलेच शतक. तळाच्या तनुष कोटियन यांनी नाबाद ८९ केल्या आणि मुंबईचा डाव ३७८ वर जाऊन थांबला. तेव्हा नाणेफेक चुकली हे सकाळी नऊ वाजता ठरले नव्हते. ते दुसऱ्या दिवशी पालघरच्या एका फलंदाजाने ठरविले.

पुढच्याच वर्षी त्याच खेळाडूच्या बाबतीत पालघरकरांवर तक्रार करण्याची पाळी आली. जून २०२५ मध्ये लीड्सच्या कसोटीत इंग्लंडच्या पहिल्या डावात कप्तान शुभमन गिल यांनी ठाकूर यांना अवघी ६ षटके दिली. शेवटच्या डावात इंग्लंडने ३७१ धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठले. पुढे मँचेस्टरला त्यांनी फलंदाजीत ४१ धावा केल्या. पण इंग्लंड ६६९ धावांचा डोंगर रचीत असताना त्यांच्या वाट्यास ११ षटके आली. मधल्या काळात कुलदीप यादव पाचही कसोट्यांत बाहेर बसून होते. गोलंदाज म्हणून घेतलेल्या माणसास चेंडूच द्यावयाचा नसेल, तर त्याची जागा दुसऱ्यास का देऊ नये? या प्रश्नास निकालाची गरज नव्हती. तो लीड्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सामना अगदी तुल्यबळ असताना, विचारला जात होता. मालिका पुढे दोन-दोन अशी बरोबरीत सुटली, आणि ओव्हलवरील सहा धावांच्या विजयाच्या जल्लोषात तो प्रश्न विरून गेला. सहा षटके मिळालेल्या गोलंदाजासाठी कोणी बोमंट समिती नेमीत नाही.

त्या वर्षीच्या रणजी हंगामासाठी अजिंक्य रहाणे यांनी मुंबईचे कप्तानपद सोडले आणि ते शार्दूल ठाकूर यांच्याकडे आले. नाणे उडाल्यावर काय घ्यावयाचे आणि तिसऱ्या गोलंदाजास किती षटके द्यावयाची, हे ठरविण्याचे काम आता त्यांच्याकडे लागले. आणि डहाणूच्या गाडीतील झडतीस तोंड देण्याचेही.