पॅकेजच्या दफ्तराची कुळकथा

मेजावरच्या संगणकात एखादे नवे साधन बसवावयाचे, जुने काढावयाचे, त्या साधनाला लागणारी दुसरी दहा साधने धुंडाळून आणावयाची आणि या सगळ्या देवघेवीची नोंद राखावयाची, हे काम आज एका ओळीच्या आज्ञेने होते. आणि ते इतके बिनबोभाट होते, की त्यामागे तीस वर्षांहून अधिक काळ अव्याहत चाललेली शेकडो माणसांची बिनपगारी चाकरी उभी आहे, याची जाणीव आज्ञा देणाऱ्याला सहसा होत नाही. या व्यवस्थेला पॅकेज मॅनेजर म्हणतात. तिचा लौकिक साधने झटपट आणून देण्याबद्दल आहे. परंतु माझ्या मते तिचे खरे मर्म आणण्यात नसून लिहून ठेवण्यात आहे, आणि तिची कुळकथा ही मुख्यत्वे एका दफ्तराची कुळकथा आहे.

1992 साली लिनक्सची जी पहिली मोठी संच-आवृत्ती लोकांच्या हाती पडली तिचे नाव ‘सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम’. ती फ्लॉपींच्या गठ्ठ्यांतून येत असे, तीत दोष पुष्कळ असत, आणि ते दुरुस्त कोणी करावयाचे याचा बंदोबस्त मात्र नसे. या गैरसोयीतून दोन शाखा फुटल्या. पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी त्याच संचाची डागडुजी करून 1993 च्या जुलैमध्ये ‘स्लॅकवेअर’ प्रसिद्ध केले. आणि अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या, वयाची अवघी वीस वर्षे ओलांडलेल्या इअन मर्डॉक यांनी डागडुजीचा नाद सोडून, 16 ऑगस्ट 1993 रोजी, सर्वस्वी नव्या संचाची घोषणा केली. देब्रा या आपल्या त्या वेळच्या मैत्रिणीचे व आपले स्वतःचे अशी दोन नावे जोडून त्यांनी त्यास ‘डेबियन’ हे नाव दिले. त्यांच्या जाहीरनाम्यातील तक्रार साधी होती: संच जुळवणे हे एकदा करून मोकळे होण्याचे काम नसून सतत सांभाळण्याचे काम आहे, आणि नेमके तेच कोणी करीत नाही. एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे हे काम अनेकांत वाटून द्यावे, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या साधनांपुरते उत्तरदायी राहावे, ही त्यांची योजना होती. आणि वाटणी झाली म्हणजे जमाबंदी आलीच.

ही जमाबंदी ठेवणाऱ्या आज्ञावलीचे नाव ‘डीपीकेजी’. आरंभी ती किरकोळ आज्ञांची एक जुळणी होती, पुढे पर्ल भाषेत लिहिली गेली, आणि 1994 साली इअन जॅक्सन यांनी तिचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने घडविला. दोषांची जाहीर नोंदवहीही त्यांनीच त्याच सुमारास सुरू केली. डीपीकेजीचे पॅकेज उघडून पाहिले तर त्याचे दोन भाग दिसतात. एका भागात प्रत्यक्ष माल असतो, म्हणजे ज्या फाइली संगणकावर उतरावयाच्या त्या. आणि दुसऱ्या भागात त्या मालाचा दाखला असतो, ज्यावर पॅकेजचे नाव, आवृत्ती, त्याला कोणकोणती दुसरी पॅकेजे आवश्यक आहेत त्याचा तपशील, आणि एक ओळ ‘मेंटेनर’ची, म्हणजे हे पॅकेज ज्याच्या हवाली आहे त्याच्या नावाची व पत्त्याची, लिहिलेली असते. बिनधन्याचे पॅकेज या व्यवस्थेत चालत नाही. एखाद्या मेंटेनरला काम झेपेनासे झाले तर तो तसे जाहीर करतो. ते पॅकेज ‘अनाथ’ म्हणून नोंदले जाते, गुणवत्ता पाहणारे मंडळ त्याचा तात्पुरता सांभाळ करते, आणि पुढे कोणी तरी ते दत्तक घेतो.

आणखी एक व्यवस्था मला फार मोलाची वाटते. संगणकाच्या मालकाने एखाद्या साधनाच्या मांडणीच्या फाइलीत आपल्या सोयीचा फेरफार केला असेल, आणि त्या साधनाची नवी आवृत्ती आपल्याबरोबर त्याच फाइलीचा नवा मसुदा घेऊन आली असेल, तर डीपीकेजी मालकाच्या लेखनावर बोळा फिरवीत नाही. मूळ फाइलीची खूण तिने आपल्या दफ्तरात राखलेली असते, तीवरून फेरफार झाल्याचे ती ओळखते, थांबते, दोन्हींतील फरक दाखविण्याची तयारी दर्शविते, आणि मालकाने काहीच न सांगता नुसती एंटर कळ दाबली तर त्याचीच फाइल कायम ठेवते. दूरदेशीच्या कोणा अनोळखी माणसाने जऊळका या आमच्या गावातील एका संगणकावर कोणी काय लिहून ठेवले आहे याची इतकी बूज राखावी, ही गोष्ट मला या सबंध रचनेतील सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते.

दफ्तराची कसोटी मात्र अडचणीच्या वेळी लागते, आणि आमच्याकडे अशा वेळा पुष्कळ येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस वाशीम जिल्ह्यात वळीव उठला की वीज जाणारच. आणि ती नेमकी साठ-सत्तर पॅकेजांचे नूतनीकरण चालू असताना गेली, असा प्रसंग माझ्या घरच्या संगणकावर ओढवला. वीज आल्यावर यंत्र सुरू झाले, परंतु नवे काहीही बसविण्यास ते तयार होईना. मागील काम अर्ध्यावर तुटले आहे, ते प्रथम हाताने पुरे करा, एवढीच ताकीद ते देई. अशा वेळी गोंधळून जाऊन, दफ्तर एका वेळी एकासच उघडू देणारी कुलुपाची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. दुसरे कोणते काम पार्श्वभागी चालू आहे की काय हे न पाहता तसे केल्यास दोन लेखण्या एकाच वहीत एकदम चालू लागतात आणि वही नासते. मी डीपीकेजीला राहिलेली सर्व मांडणी पुरी करण्याची आज्ञा दिली. तिच्या दफ्तरात प्रत्येक पॅकेजपुढे त्याची अवस्था लिहिलेली असते: माल नुसता उतरला आहे, मांडणी अर्धवट झाली आहे, की सर्व यथास्थित आहे. त्या नोंदी वाचून तिने एकेक पॅकेज क्रमाने मार्गी लावले आणि ती लिनक्सच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नेलशी, येऊन अडली. शोध घेता कारण निराळेच निघाले: आरंभाच्या फाइली ज्या लहानशा कप्प्यात राहतात तो ‘बूट’ नावाचा कप्पा जुन्या कर्नेलांनी भरून गेला होता. निरुपयोगी कर्नेल काढून टाकले, तीच आज्ञा पुन्हा दिली, आणि काम तडीस गेले.

यात माझे कर्तृत्व काही नव्हते. वीज जाईल हे कोणी तरी आधीच गृहीत धरले होते. पूर्वीची नोंदवही जशीच्या तशी बाजूला ठेवून मग नवी लिहावी, प्रत्येक लहान बदल आधी एका कच्च्या टिपणात उतरवावा, दररोज दफ्तराची एक प्रत निराळ्या जागी काढून ठेवावी, अशी त्याची तजवीज आहे. एक्स्ट-फोर ही फाइली साठविण्याची नवी पद्धत रूढ झाली तेव्हा वीज गेल्यास फाइलीचे नाव शिल्लक राही आणि आत मजकूर शून्य, असे प्रकार घडू लागले. म्हणून 2010 साली डीपीकेजीच्या सांभाळकर्त्यांनी प्रत्येक फाइल तबकडीवर खरोखर उतरली आहे याची खात्री करूनच तिला अखेरचे नाव देण्याचा नियम केला. काम मंदावले म्हणून कुरकूर झाली. पण नियम राहिला. बॅटरीवाल्या यंत्रांच्या मालकांना ती खात्री वायफळ वाटली असेल, मला वाटत नाही.

आता परस्परावलंबनाचा भाग. आपणांस हवे असलेले पॅकेज स्वतःस लागणारी पॅकेजे मागते, ती आणखी दुसरी मागतात, काही एकमेकांशी एकत्र नांदावयास तयार नसतात. आणि डीपीकेजी उणीव दाखवी, पण ती भरून काढीत नसे. ती उणीव भरणारे ‘ॲप्ट’ हे साधन 1998 च्या सुमारास आकारास आले आणि 1999 च्या मार्चमधील डेबियन 2.1 बरोबर सर्वांच्या हाती आले. पुढे युरोपातील संशोधकांनी सप्रमाण दाखविले, की कोणत्याही पॅकेजसंग्रहातून एखादे पॅकेज बसविता येईल की नाही हे ठरविणे हा गणनशास्त्रातील अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गातील प्रश्न आहे. व्यवहारात तो क्षणार्धात सुटतो याचे श्रेय आज्ञावलीइतकेच, संग्रह सुसंगत राखणाऱ्या मेंटेनरांकडे जाते. त्यांची खरी परीक्षा एखादे पायाभूत ग्रंथालय, लायब्ररी, बदलते तेव्हा होते. आमच्या गावावरून जाणारा अकोला–पूर्णा लोहमार्ग मीटर गेजचा ब्रॉड गेज झाला तेव्हा रूळ, स्लीपर, फलाट, इंजिने आणि डबे यांतील एकही वस्तू मागे ठेवून चालली नसती; तसेच येथेही त्या ग्रंथालयावर विसंबणारे प्रत्येक पॅकेज नव्याने घडवून सर्वांना एकदम पाऊल टाकावे लागते, आणि तोवर ते ‘अस्थिर’ नावाच्या आवारातच थांबून राहते.

हे सर्व आमच्यापर्यंत कसे आले, हेही नमूद केले पाहिजे. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले. तथापि ते महानगरांत, आणि अत्यंत मंद. पीसी क्वेस्ट या मासिकाने 1996 पासून अंकाबरोबर लिनक्सची तबकडी देण्यास प्रारंभ केला, आणि त्या उपक्रमाचे प्रवर्तक अतुल चिटणीस (1962–2013) यांच्यामुळे आडगावच्या माणसासही टपालाने सबंध संच मिळू लागला. मराठीचा प्रवेश याहून उशिरा झाला. पुण्यातील रेड हॅटच्या अभियंत्यांनी सांभाळलेल्या ‘लोहित’ टंकांची पॅकेजे झाली. डेबियनमध्ये त्यांतील मराठीच्या वळणाचा टंक स्वतंत्र पॅकेज म्हणून दाखल झाला, आणि त्याचा सांभाळ भारतीय स्वयंसेवकांच्या ‘डेबियन-इन’ या चमूने केला. 14 फेब्रुवारी 2009 रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘लेनी’ या आवृत्तीपासून डेबियनची उभारणी मराठीतून करता येऊ लागली; हे भाषांतर मुंबईच्या सी-डॅकमधील ‘जनभारती’ प्रकल्पाने सिद्ध केले होते. त्या मंडळींचे ऋण मराठी जगाने अजून पुरते मानलेले नाही.

कुळाचा विस्तार दुसऱ्या घराण्यांतही झाला. 2000 च्या अखेरीस ‘फिंक’ या प्रकल्पाने डीपीकेजी आणि ॲप्ट ही जोडगोळीच उचलून ॲपलच्या संगणकावर नेली. फ्रीबीएसडीच्या ‘पोर्ट्स’ संग्रहाचे जनक जॉर्डन हबर्ड पुढे ॲपलमध्ये गेले आणि 2002 साली सहकाऱ्यांसह त्यांनी ‘डार्विनपोर्ट्स’ सुरू केले, तेच आजचे मॅकपोर्ट्स. 2009 साली मॅक्स हॉवेल यांचे ‘होमब्रू’ आले. त्यात पॅकेजची कृती ही रूबी भाषेतील एक लहानशी, कोणासही वाचता येण्याजोगी फाइल असते, दुरुस्ती सुचविणे सर्वांस खुले असते, आणि यंत्राची प्रकृती तपासून दोष सांगणारी ‘डॉक्टर’ नावाची आज्ञाही असते. विंडोजच्या वाट्याला रॉब रेनॉल्ड्स यांचे ‘चॉकलेटी’ 2011 साली आले. तेथील अडचण निराळ्या जातीची आहे: पुष्कळ साधनांचे पुनर्वितरण करण्याची मुभा नसल्याने पॅकेजमध्ये माल नसून तो मूळ कंपनीकडून आणण्याची आज्ञा तेवढी असते, कंपनीने पत्ता बदलला किंवा त्याच पत्त्यावर नवी फाइल ठेवली, की खूण जुळत नाही आणि काम अडते. अशा वेळी खूण तपासू नको असे यंत्रास सांगणे हा घातकी उपाय होय. मेंटेनरला कळवून नव्या आवृत्तीची वाट पाहावी हेच योग्य.

नावानिशी जबाबदारी असली म्हणजे चूक होत नाही असे नव्हे. 2006 साली डेबियनमधील ओपनएसएसएल या पॅकेजातून, तपासणीच्या साधनाने आक्षेप घेतला म्हणून, दोन ओळी काढल्या गेल्या. त्यांच्याबरोबर गुप्त किल्ल्या घडविण्यास लागणारी यदृच्छाही गेली, आणि 13 मे 2008 रोजी हे जाहीर झाले तेव्हा दोन वर्षांतील असंख्य किल्ल्या रद्द कराव्या लागल्या. 2024 चे प्रकरण याहून दारुण. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे साधन लासे कॉलिन हे एकटे, मोबदल्यावाचून, सांभाळीत होते; ते थकले असताना साहाय्यक म्हणून पुढे आलेल्या, ‘जिया टान’ हे नाव धारण करणाऱ्या इसमाने विश्वास संपादन करून आत चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या डेबियन-अस्थिर यंत्रावर दूरप्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले, त्यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि 29 मार्च रोजी कट उघडकीस आणला. स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचलाच नाही. एकट्या माणसावर सोडलेले काम हेच यातील खरे छिद्र होते, आणि इअन मर्डॉक यांनी 1993 साली नेमके त्यावरच बोट ठेवले होते. ते स्वतः 28 डिसेंबर 2015 रोजी निवर्तले.

1996 च्या डेबियन 1.1 मध्ये 474 पॅकेजे होती. 9 ऑगस्ट 2025 रोजी आलेल्या तेराव्या आवृत्तीत ती सत्तर हजारांच्या घरात आहेत. 2038 साली जुनी कालगणना संपुष्टात येईल तिची तरतूद म्हणून याच आवृत्तीत काळ मोजण्याच्या आकड्याचा पन्हा वाढविण्याचे प्रचंड स्थित्यंतर पार पडले. मात्र बत्तीस-बिटी जुन्या पीसींसाठी कर्नेल आणि उभारणीचा संच देणे तिने थांबविले आहे. खेड्यापाड्यांतून अजून अशी यंत्रे चालू आहेत, आणि ज्यांच्यापाशी ती आहेत त्यांनी घाईने नूतनीकरणाची आज्ञा देऊ नये. बाराव्या आवृत्तीवर थांबावे. तिच्या सुरक्षादुरुस्त्या दीर्घकालीन सांभाळ करणारा चमू 30 जून 2028 पर्यंत देणार आहे, तेवढ्या मुदतीत यंत्र बदलण्याची सोय पाहावी, आणि तोवर बूटचा कप्पा मोकळा ठेवावा.