पडद्यावरची शर्यत आणि पुणे जिल्हा

खऱ्या गाडीचे वागणे व्हिडिओ गेममध्ये उतरवण्याची खटपट ज्यांनी वर्षानुवर्षे केली, त्यांत ब्रिटनच्या कोडमास्टर्सचे नाव वरचे. १९८६ मध्ये डार्लिंग बंधूंनी काढलेल्या या कंपनीने १९९८ मध्ये ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ आणला. एप्रिल २०१० मध्ये रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने तिचा निम्मा हिस्सा घेतला. कंपनीची एक शाखा पुण्यातही होती.

त्याच वर्षी फॉर्म्युला वन शर्यतींवरचा ‘एफ१ २०१०’ बाजारात आला. त्यात टायर झिजत, आणि पाऊस थांबला की गाड्या जिथून धावत ती पट्टी आधी सुकत जाई. या बारकाव्यांचे कौतुक झाले, खेळाला बाफ्टाचा क्रीडा पुरस्कारही मिळाला. पण खेळणारे वैतागले ते पिटमध्ये. टायर बदलून झाले तरी गाडी सुटत नसे, मागून येणाऱ्या गाड्या एकेक करून पुढे निघून जात. पावसापर्यंत पोचलेल्या वास्तवाने इथे मात्र दगा दिला.

‘एफ१ २०११’ मध्ये ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक होता. खेळ सप्टेंबरात आला, खरी शर्यत झाली ३० ऑक्टोबरला. म्हणजे हा ट्रॅक लोकांनी आधी पडद्यावरच पालथा घातला. तीन हंगामांनी ती शर्यत बंद पडली.

कंपनीचा सर्वांत कठोर खेळ मात्र ‘डर्ट रॅली’ (२०१५). चूक झाली की वेळ मागे फिरवायची सोय कोडमास्टर्सनेच २००८ च्या ‘ग्रिड’मध्ये रूढ केली होती, इथे तीच काढून टाकली. जाणकारांना हे फार रुचले. २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सुमारे १२० कोटी डॉलरना कंपनी विकत घेतली.

पुणे जिल्ह्यातल्याच बारामती-इंदापूरकडे शर्यत म्हटली की आधी बैलगाडीच आठवते. पण तिथल्या रस्त्यांवरच्या ॲपे रिक्षा बनवणाऱ्या पियाजिओच्या बारामती कारखान्यात २०१६ पासून एप्रिलिया स्कूटर आणि पुढे आरएस ४५७ ही मोटारसायकलही तयार होऊ लागली. ती भारतात प्रथम दाखवली गेली सप्टेंबर २०२३ मध्ये, बुद्ध ट्रॅकवरच्या मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतीच्या वेळी. मिलानच्या माइलस्टोन कंपनीचा ‘मोटोजीपी २३’ हा खेळ त्याच हंगामाचा. आधीच्या आवृत्त्यांत ब्रेक जरा चुकला की स्वार थेट जमिनीवर. म्हणून यात नवशिक्यांसाठी ब्रेक आपोआप सांभाळणारी मदत दिली गेली. खेळात एप्रिलिया आहे, पण ती शर्यतीची आरएस-जीपी. त्यात फक्त स्पर्धेतल्याच गाड्या असल्याने बारामतीच्या आरएस ४५७ ला तिथे जागा नाही.