कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर
सॅम्युएल कोल्ट यांच्या अमेरिकन कारखान्याचे १८५१ नमुन्याचे, ०.३६ इंची सहाबारी पिस्तूल. नाव नौदलाचे, पण वापर बहुतेक जमिनीवरच. चक्रावर १८४३ मधील टेक्सास नौदलाची लढाई कोरलेली असे, इतकेच.

याला धातूचे काडतूस नाही. चक्राच्या प्रत्येक घरात काळी दारू ओतून शिशाची गोळी नळीखालच्या दांड्याने ठासतात. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असते. तिच्या कडेचे शिसे कड्यासारखे सोलले गेले, की ती घट्ट बसली. ठिणगी शिरून शेजारची घरे पेटू नयेत म्हणून वर चरबी लावतात. मागे घोड्याच्या आघाताने फुटणारी तांब्याची टोपी बसते. फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याजवळ अडकून चक्र थांबणे, हे या पिस्तुलाचे जुनेच दुखणे.

खरे काम बार उडाल्यानंतरचे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यावर काजळी व क्षार म्हणून उरतो. हे क्षार हवेतील ओल शोषतात आणि पोलाद गंजते. म्हणून त्याच दिवशी पाचर ठोकून बाहेर काढून नळी व चक्र सुटे करायचे, साबणाच्या गरम पाण्याने धुवायचे, कोरडे करून तेल लावायचे. यात आधुनिक निर्धूर दारू कधीही भरू नये, चक्र फुटते.