टेकडीवरची शपथ आणि टिटवाळ्याची वाट

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड, आंबिवली ही स्थानके मागे टाकून टिटवाळ्याला थांबते, तेव्हा उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांची पावले महागणपतीच्या देवळाकडे वळतात. याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्राच्या किसान सभेची परिषद भरली होती, याची आठवण आज फार थोड्यांना असेल. त्या परिषदेपर्यंत पोचलेली एक वाट पुण्यातल्या एका शपथविधीपासून निघालेली आहे. ती वाट शोधणे हा या लेखाचा हेतू.

१२ जून १९०५ च्या सकाळी फर्ग्युसन महाविद्यालयाजवळच्या टेकडीवर चार माणसे उघड्या आकाशाखाली उभी राहिली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी आधी स्वतः शपथ घेतली आणि मग द्रविड, पटवर्धन व देवधर या तिघांना ती दिली. भारत सेवक समाजाची स्थापना झाली ती अशी. (१९५२ मध्ये याच नावाची दुसरी संस्था निघाली. तिचा येथे संबंध नाही.)

या समाजात प्रवेश मिळवणे सोपे नव्हते. नव्या सदस्याला सात गोष्टींची प्रतिज्ञा करावी लागे. विचारांत देशाला पहिले स्थान देणे, सेवेतून स्वतःचा लाभ न पाहणे, जात व धर्म न मानता सर्व हिंदवासीयांना बंधू समजणे, संस्था देईल तेवढ्या वेतनात संसार भागवून वेगळी कमाई न करणे, खाजगी आयुष्य शुद्ध ठेवणे, कोणाशीही वैयक्तिक भांडण न काढणे आणि संस्थेच्या उद्दिष्टांना बाधेल असे काही न करणे. त्यानंतर पाच वर्षांची उमेदवारी असे. तिचा काही काळ पुण्यातील वास्तूत अध्ययनात जाई, तर काही काळ देश पाहण्यात. संस्थेच्या प्रमुखाला ‘अध्यक्ष’ न म्हणता ‘प्रथम सदस्य’ म्हणत. मोठेपणा सेवेतच विरून जावा, ही अपेक्षा त्या पदनामात दिसते.

या अटींमागे गोखल्यांचा स्वतःचा अनुभव होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर वीस वर्षे शिकवण्याचे बंधन आजीव सभासदांवर असे. ते त्यांनी पाळले होते. बाहेरची कमाई आणि बाहेरची कामे यांच्यावरून त्याच संस्थेत माजलेला वाद, आणि त्यातून १८९० मध्ये टिळकांनी दिलेला राजीनामा, हेही त्यांनी जवळून पाहिले होते. त्या वादात ते स्वतः एक पक्षच होते. कमाईविषयीची आणि भांडणाविषयीची अशा दोन्ही प्रतिज्ञा सातांत याव्यात, याचे नवल वाटू नये.

मात्र प्रतिज्ञेला दोन बाजू असतात. तीच आत घेते आणि तीच बाहेरही ठेवते. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले वारले. त्यानंतर गांधीजींनी समाजात येण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा सदस्यांत मतभेद झाले. ते ताणू नयेत म्हणून गांधीजींनी आपला अर्ज मागे घेतला. ज्यांना ते राजकीय गुरू मानत, त्यांच्याच संस्थेत त्यांना जागा झाली नाही. त्याच वर्षी अहमदाबादेत त्यांनी आश्रम काढला आणि त्याची व्रते स्वतःच ठरवली.

दुसरे उदाहरण आपल्याला पुन्हा टिटवाळ्याकडे नेते. पुण्यातील एका नामांकित वकिलाची मुलगी गोदावरी गोखले कायदा शिकली, स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेली आणि मुंबईत येऊन भारत सेवक समाजात दाखल झाली. समाजाची ती पहिली स्त्री सदस्य. प्रतिज्ञेची भाषा ‘बंधूं’ची होती, शपथ घेणारा पुरुषच असेल हे तिच्यात गृहीत होते. त्या भाषेत गोदावरीबाईंनी आपली जागा केली. प्रौढ साक्षरता, घरकाम करणाऱ्यांची संघटना अशा कामांतून त्या ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांपर्यंत पोचल्या. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी त्यांचा विवाह झाला. शामरावही समाजाचेच सदस्य होते. त्याच सुमारास दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले आणि समाजाशी असलेले त्यांचे नाते संपले.

सातवी प्रतिज्ञा मोडली, असे एखादा म्हणेल. पण तिसरीचे काय? सर्वांना बंधू मानायचे, तर जमीनदाराच्या वाड्यावर लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या ‘लग्नगड्या’लाही मानावे लागते, आणि त्याला बंधू मानले की जमीनदाराशी भांडण अटळ ठरते. सातही प्रतिज्ञा एका वेळी पाळणे तेथे शक्य नव्हते. गोदावरीबाईंनी तिसरी पाळली.

टिटवाळ्याच्या परिषदेला डहाणू-उंबरगावकडील वारलीही आले होते. माह्या धांगडा त्यांपैकी एक. तेथे ऐकलेले त्यांनी रानोमाळ नेले. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही, बारा आणे रोख रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर राबायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला. १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. निश्चय मात्र टिकला.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी हा इतिहास १९७० मध्ये लिहिला. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या वर्गांत तो बहुधा आदिवासी लढ्याचे कथन म्हणून शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण शपथांच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. टेकडीवर चार सुशिक्षितांनी इतरांची सेवा करण्याचे व्रत घेतले. झरीला हजारो निरक्षरांनी स्वतःसाठी शपथ घेतली. तेथे उमेदवारीची पाच वर्षे नव्हती आणि प्रथम सदस्यही नव्हता. या दोन शपथांमधले अंतर चाळीस वर्षांचे. ते चालून गेलेल्या बाईंना पहिल्या शपथेने घडवले होते, हे विसरता येत नाही. आणि दुसरीपर्यंत पोचण्यासाठी त्यांना पहिलीच्या चौकटीबाहेर पडावे लागले, हेही.