तोबाला आणि मेस्काल



गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी मेक्सिकोहून परतला व भेटावयास आला. येतांना त्यानें एक बाटली आणली होती. तिच्यांतील पदार्थाशीं साठ-पासष्ट वर्षांत माझा परिचय झालेला नाहीं, आणि या वयांत तो करून घेण्याची इच्छाहि नाहीं. तेव्हां बाटली त्याच्याकडेच राहिली. तिच्यावरचा कागद मात्र मीं दोनदां वाचला. पेयाचें नांव मेस्काल, प्रांताचें नांव वाहाका, आणि ज्या वनस्पतीपासून तें काढलें तिचें नांव तोबाला. ही वनस्पति रानांत आपोआप वाढलेली आहे, असेंहि खालीं नमूद केलें होतें. झाडाची जात आणि त्याचें जन्मस्थान बाटलीवर लिहिण्याची गरज कां पडावी, या कुतूहलानें मला पुस्तकांकडे नेलें. तेथें जें सांपडलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

तोबाला हें आपल्या घायपाताचें चुलत भावंड. दख्खनच्या माळावर, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या रुळांकडेला तीं जाड, अणकुचीदार पानें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्यांच्या वाखाचे दोर आपल्याकडे वळले जात. परंतु हें कुळ मूळचें अमेरिकेंतलें. त्यांत सुमारें २०० जाती असून बहुसंख्य मेक्सिकोंत आहेत. लिनीअस या स्वीडिश पंडितानें १७५३ सालीं त्याला अगेव्ह हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ थोर, भव्य असा आहे. या कुळांतील बहुतेक जातींची रीत आपल्या केळीसारखी असते. जन्मांत एकदांच फुलावयाचें, आणि तें झालें कीं वाळून जावयाचें. वर्षानुवर्षें पानांच्या मध्यभागीं साठवलेलें सर्व सत्त्व एका उंच फुलदांड्यांत ओतून तें झाड संपतें.

हें साठवलेलें सत्त्व खाण्यासारखें आहे, हें तेथील माणसानें फार पूर्वीं ओळखलें. वाहाका प्रांतांत मितलाजवळ गिला नाकित्स नांवाची एक लहानशी गुहा आहे. १९६६ सालीं केंट फ्लॅनरी या अमेरिकन पुरातत्त्वज्ञानें तेथें उत्खनन केलें, तेव्हां हजारों वर्षांपूर्वींच्या थरांत घायपाताचे चघळून थुंकलेले चोथे सांपडले. आपण ऊंस खाऊन चोयट्या टाकतों, तसेच. म्हणजे भट्टी येण्यापूर्वीं कित्येक सहस्र वर्षें हा गड्डा भाजून खाल्ला जात होता. मेस्काल या शब्दांत ही आठवण अजून शिल्लक आहे. नावात्ल भाषेंत मेत्ल म्हणजे घायपात. मेश्काली म्हणजे शिजवलेलें घायपात.

मद्य त्या लोकांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. मोठ्या जातीच्या घायपाताचा गाभा कोरून त्यांत जमणारा गोड रस ते काढीत; ती त्यांची नीरा. ती आंबली कीं पुल्के, म्हणजे त्यांची ताडी. या झाडाची मायाउएल नांवाची देवता असे, आणि पुल्केचे देव चारशें ससे मानले जात. परंतु अर्क उतरविण्याची भट्टी तेथें कोठून आली, यावर विद्वानांत वाद आहे. एक पक्ष म्हणतो, ती स्पॅनिश लोकांनीं आणली. दुसरा म्हणतो, १५६५ ते १८१५ पर्यंत मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्यें जीं जहाजें चालत, त्यांतून आलेल्या फिलिपिनी खलाशांनीं नारळीच्या ताडीची भट्टी पश्चिम किनाऱ्यावर रुजविली. तिसरा पक्ष स्पॅनिश लोकांच्याहि पूर्वींचे पुरावे शोधतो. मला दुसरें मत अधिक पटतें, कारण तेथील कित्येक मातीच्या भट्ट्यांची घडण आशियांतील भट्ट्यांशीं जुळते.

राजसत्तेला हें पेय आवडलें नाहीं. स्पेनहून येणाऱ्या दारूला गिऱ्हाईक राहावें म्हणून १७८५ सालीं तिसऱ्या कार्लोस राजानें तें काढण्यास बंदी केली, व दहा वर्षांनीं त्याच्या पुत्रानें परवाना देऊन तें पुन्हां चालू केलें. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याची आठवण व्हावी असा हा प्रकार. हेतु मात्र थोडा निराळा. पुढें तेकिला गांवाच्या परिसरांतील मेस्काल मोठ्या कारखान्यांत जाऊन तेकिला याच नांवानें जगभर गेलें. वाहाकाच्या डोंगरांतलें मात्र गरिबांचें, लग्नाकार्यांतलें आणि अंत्यविधींतलें पेय म्हणूनच राहिलें. शहरांतील प्रतिष्ठित लोक त्याच्याकडे पाहून नाक मुरडीत. या तिरस्कारानेंच तोबाला इतकीं वर्षें वांचलें, असें माझें मत आहे.

तें कसें, हें समजण्यासाठीं कृति पाहिली पाहिजे. झाड पक्व झालें, फुलदांडा डोकावूं लागला, कीं तो छाटून टाकतात. कारण तो वाढला तर गड्ड्यांतील सत्त्व फुलांत जाईल. मग पानें तासून उरलेला गड्डा घेतात. तो अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला तेथें अननसच म्हणतात. जमिनींत मोठा खड्डा खणून, ओकाच्या लांकडांनीं त्यांतील दगड तापवून, त्यांवर गड्डे रचतात. वर चोथा, चटया व माती घालून तीन ते पांच दिवस भाजूं देतात. गोड न लागणारें सत्त्व त्या उष्णतेंत साखरेंत उतरतें, आणि धुराचा वास त्यांत कायमचा मुरतो. भाजलेले गड्डे दगडी चाकाखालीं चिरडतात. जुन्या वाड्यांच्या बांधकामासाठीं बैल जुंपून चुना मळण्याची जी घाणी आपल्याकडे असे, तिचीच ती प्रतिकृति. बैलाच्या जागीं घोडा किंवा खेंचर, एवढाच फरक. हा चोथा लांकडी पिंपांत हवेंतल्या किण्वानेंच आंबतो, आणि तांब्याच्या किंवा मातीच्या भट्टींतून बहुधा दोनदां उतरतो. अर्क किती कडक झाला, हें तेथील जाणता कारागीर यंत्रानें पाहत नाहीं. पोकळ बोरूच्या नळीनें तो वाडग्यांत सोडतो आणि बुडबुडे किती वेळ टिकतात तें मोजतो.

आतां अडचण कोठें आहे पाहा. बहुतेक मेस्काल ज्या एस्पादीन जातीपासून होतें, ती शेतांत लावतां येते, सहा ते आठ वर्षांत तयार होते, आणि केळीप्रमाणें बुडाशीं मुनवे सोडते. गड्डा काढला तरी पिलें मागें राहतात. तोबालाचें तसें नाहीं. डोंगरांतल्या ओकांच्या सावलींत, खडकाळ जमिनींत वाढणारें हें लहानसें, रुंद पानांचें झाड मुनवे सोडीत नाहीं. त्याचा वंश केवळ बीजानें चालतो. बी फुलाशिवाय येत नाहीं, आणि फूल येऊं दिलें तर मेस्काल मिळत नाहीं. म्हणजे त्याचा अर्क काढावयाचा, तर त्याला निपुत्रिक मारलेंच पाहिजे. शिवाय त्याला पक्व होण्यास १० ते १५ वर्षें लागतात, आणि गड्डा एवढा लहान कीं एका एस्पादीनची भरपाई करण्यास सात-आठ तोबाला लागतात, असें तिकडे म्हणतात. तेपेस्ताते नांवाची दुसरी रानटी जात कड्यांवर वाढते. तिला २५ वर्षेंहि लागतात. तोबालाचें शास्त्रीय नांव जर्मन पंडित त्सुकारीनी यानें एकोणिसाव्या शतकांत ठेवलें तें पोटाटोरुम, म्हणजे पिणाऱ्यांचें. झाडाचें नांव ठेवतांनाच त्याचें भविष्य सांगितल्यासारखें झालें!

गांवापुरता खप होता तोंवर डोंगर हा हिशेब सोसूं शकला. १९९४ सालीं मेक्सिको सरकारनें मेस्काल या नांवाला संरक्षण दिलें. ठराविक प्रांतांबाहेर काढलेल्या अर्काला तें नांव लावतां येईना. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं जुन्या मातीच्या भट्टीचें, कारागिरी पद्धतीचें आणि कारखान्याचें मेस्काल असे तीन वर्ग केले. परदेशांतील शौकिनांस धुराचा हा वास आवडला. नोंदणी झालेलें मेस्काल २०११ सालीं सुमारें १० लाख लिटर निघालें. २०२२ सालीं तें १ कोटी ४० लाखांहून अधिक झालें. त्यांत रानटी जातींचा वाटा थोडा, पण त्यांनाच सर्वांत चढा भाव, म्हणून डोंगरांतून अपक्व गड्डेहि उपटले जाऊं लागले. कायद्यानें नांवाचें रक्षण केलें. झाड मात्र त्या नांवाच्या कक्षेबाहेर उघड्यावर राहिलें. दाखल्याचा खर्च न परवडणारे कित्येक जुने कारागीर तर आपल्या वाडवडिलांच्या पेयाला मेस्काल म्हणूं शकत नाहींत. त्यांच्या बाटलीवर केवळ अगेव्हचा अर्क असें लिहिलेलें असतें.

या व्यवहारांत आणखी एक भागीदार आहे. अगेव्हच्या अनेक जातींचीं फुलें रात्रीं मध देतात, आणि लांब नाकाचीं वटवाघुळें तो पीत एका दांड्यावरून दुसऱ्यावर पराग नेतात. दांडे छाटले कीं त्यांचा आहार तुटतो. त्यांतील एक जात १९८८ सालीं अमेरिकेनें संकटग्रस्त ठरविली. तेव्हां १४ ठिकाणीं मिळून ती हजारांहूनहि कमी असावी असा अंदाज होता. पुढें गुहांचें रक्षण झालें, माहिती वाढली, आणि २०१८ पर्यंत ७५ ठिकाणीं सुमारें दोन लाख वटवाघुळें मोजलीं गेलीं. त्या वर्षीं तिचें नांव यादींतून काढण्यांत आलें. मेक्सिकोचे प्राणिशास्त्रज्ञ रोद्रिगो मेदेयीन यांनीं मद्य काढणाऱ्यांस एक साधी विनंति केली, ती म्हणजे शंभरांतलीं पांच झाडें फुलूं द्या. कांहीं उत्पादकांनीं ती मानली.

वाहाकाच्या कित्येक गांवांत जमीन सामाईक आहे. तेथें किती गड्डे काढावे व किती झाडें बियांसाठीं सोडावीं, हें ग्रामसभा ठरविते. डोंगरावरून बी गोळा करून रोपवाटिका करतात, आणि पावसाच्या आरंभीं रोपें पुन्हां ओकांच्या सावलींत नेऊन लावतात. त्यांतील तोबाला लावणाऱ्याच्या हयातींत तयार होईल. तेपेस्ताते बहुधा त्याचा मुलगा काढील.